मळ आणि राप : ‘ग्राइम’ हा शब्द व तें संगीत

आमच्या वर्गांत शेक्सपिअरचें ‘किंग लिअर’ चाललें होतें. दुसऱ्या अंकांत एडगर वेष पालटतो त्या ठिकाणीं ‘ग्राइम’ हा शब्द क्रियापदाच्या रूपानें येतो. त्याचा अर्थ विद्यार्थ्यांस विचारावा हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. बहुधा उत्तर येत नाहीं. मग आम्ही कोशांतला अर्थ सांगतों आणि पुढें जातों. त्या दिवशीं मात्र मागच्या बांकावरून उत्तर आलें, “सर, तें एक संगीत आहे.” वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, आणि “येथें प्रश्न मळाचा आहे, संगीताचा नव्हे” असें सांगून पुढची ओळ घेतली. घरीं आल्यावर मात्र तें हंसणें आम्हांस बोचूं लागलें. जें आपण कधीं ऐकलेंच नाहीं, त्याला हंसण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? म्हणून पुढचे कांहीं महिने आम्हीं तें संगीत ऐकण्यांत घालविले. त्या श्रवणाचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों. निष्कर्ष आरंभींच सांगून टाकतों. त्या विद्यार्थ्याचें उत्तर बरोबर होतें. आणि तें केवळ संगीतापुरतें नव्हे, तर ‘लिअर’मधल्या त्या ओळीपुरतेंहि बरोबर होतें.

प्रथम शब्दाचा विचार करूं. मराठींत ‘ग्राइम’ला नुसता ‘मळ’ म्हटलें तर अर्थ अपुरा राहतो. साधा मळ पाण्यानें जातो, चिखल वाळला कीं झडतो, धूळ झटकली कीं उडते. ‘ग्राइम’ म्हणजे कातडींत, भिंतींत, भांड्यांत मुरलेला मळ. काजळीचीं आणि तेलकटपणाचीं वर्षानुवर्षें बसलेलीं पुटें. स्वयंपाकघरांत चुलीमागच्या भिंतीवर जें किटण धरतें, तें याच जातीचें. परंतु आम्हांस सर्वांत जवळचा शब्द वाटतो तो ‘राप’. हातापायांवर मळाचा राप बसला, असें आपण म्हणतों. आणि शेतकऱ्याचा चेहरा उन्हांत रापला आहे, असेंहि म्हणतों. पहिल्या वाक्यांत किळस आहे, दुसऱ्यांत आदर आहे. हे दोन्ही भाव एकाच धातूंत नांदूं शकतात, याचें कारण राप एका दिवसांत बसत नाहीं. त्यासाठीं माणसाला एका जागीं, एका हवेंत, एका कष्टांत दीर्घकाळ राहावें लागतें. इंग्रजी ‘ग्राइम’ला हा दुसरा, आदराचा अर्थ नव्हता. तो त्याला पूर्व लंडनच्या पोरांनीं मिळवून दिला, असें आमचें म्हणणें आहे.

शेक्सपिअरच्या दोन स्थळांची तुलना केली असतां हें म्हणणें स्पष्ट होईल. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ या प्रहसनांत ड्रोमिओ नांवाचा नोकर एका स्वयंपाकिणीचें वर्णन करतांना हाच शब्द वापरतो. हा दोष पाण्यानें जाईल, असें त्याचा धनी म्हणतो. त्यावर नोकर सांगतो कीं, नाहीं, हा मळ पक्क्या रंगासारखा मुरला आहे. नोहाच्या महापुरानेंहि तो धुतला जाणार नाहीं. प्रेक्षक हंसतात. ज्या बाईवर ते हंसतात ती त्या वेळीं तेथें नसते, त्यामुळें तिला उत्तर देतां येत नाहीं. ‘लिअर’मधला प्रसंग याच्या अगदीं उलट आहे. सावत्र भावाच्या कपटानें परागंदा झालेला एडगर प्राण वांचविण्यासाठीं वेड्या भिकाऱ्याचें सोंग घेतो, आणि स्वतःच्या हातानें तोंडाला घाण फांसतो. एकदां तोंड मळल्यावर जें बोलण्याची उमरावाच्या मुलाला मुभा नव्हती, तें तो बोलूं लागतो. राजाला त्या वादळी माळावर मनुष्याचें उघडें स्वरूप दिसतें, तें याच मळलेल्या भिकाऱ्यांत. म्हणजे एका नाटकांत मळ हें दुसऱ्यानें दिलेलें दूषण आहे. दुसऱ्यांत तेंच स्वतः पत्करलेलें मुख आहे. लंडनच्या संगीताची कथा ही पहिल्या नाटकाकडून दुसऱ्याकडे झालेल्या प्रवासाची कथा आहे.

त्या कथेची भूमि समजल्यावांचून संगीत समजणार नाहीं. लंडनमध्यें वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळें कोळशाच्या धुराचा मोठा वांटा पूर्वेकडच्या वस्तीला मिळे. दुर्गंधीचे व धोक्याचे धंदेहि त्याच बाजूला वसले. तेथील बो या भागांत आगपेट्यांचा मोठा कारखाना होता. पांढऱ्या फॉस्फरसनें कामगारांचे जबडे सडत असत. त्या कारखान्यांतल्या मुलींनीं १८८८ सालीं केलेला संप कामगार-चळवळीच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षापासून चार्ल्स बूथचे लंडनच्या दारिद्र्याचे नकाशे प्रसिद्ध होऊं लागले. त्यांत प्रत्येक रस्त्याला रहिवाशांच्या ऐपतीप्रमाणें रंग दिलेला आहे. श्रीमंतांचे रस्ते पिवळे, गरिबांचे निळे, आणि सर्वांत खालच्या थराचे काळे. काळ्या रंगाच्या खुलाशांत बूथनें तेथील लोकांना दुराचारी व अर्धगुन्हेगार असें म्हटलें. हा मनुष्य दुष्ट नव्हता. दारिद्र्याची खरी मोजदाद व्हावी म्हणून त्यानें स्वतःचा पैसा आणि आयुष्याचीं अनेक वर्षें खर्च केलीं. तरीहि रस्त्यावरची काजळी माणसांच्या शीलाला लावण्याची चूक त्याच्या हातून झालीच.

१९५२ च्या डिसेंबरांत धूर आणि धुकें यांनीं लंडनांत हजारों माणसें मेलीं. १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. हवेंतली काजळी कमी झाली, पण नकाशांतली काळी शाई लोकांच्या मनांतून गेली नाहीं. महायुद्धानंतर पूर्व लंडनांत नगरसंस्थांनीं उंच मनोरे बांधले, आणि त्यांत जुन्या रहिवाशांच्या शेजारीं जमैका, नायजेरिया, घाना, बांगलादेश अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांनीं संसार थाटले. बो ज्या टॉवर हॅम्लेट्स विभागांत आहे, त्याच विभागांत १९९१ सालीं कॅनरी व्हार्फची गगनचुंबी इमारत पुरी झाली. गरिबाच्या खिडकींतून दुसऱ्याची संपत्ति रात्रंदिवस दिसूं लागली.

या मनोऱ्यांतून २००० सालानंतरच्या दोनतीन वर्षांत आमच्या विषयाचें संगीत जन्मास आलें. त्याच्या आधीं लंडनांत ‘गराज’ नांवाच्या नृत्यसंगीताचा बोलबाला होता. तें झुळझुळीत, उंची पोशाखाचें आणि शँपेनचें संगीत होतें. मनोऱ्यांतल्या पोरांना त्या मैफलींत वावरण्याइतकें वय नव्हतें, कपडे नव्हते, पैसाहि नव्हता. त्यांनीं घरच्या संगणकावरची ‘फ्रुटी लूप्स’सारखी साधी आज्ञावली घेतली, कोणीं खेळण्याचें यंत्र असलेल्या ‘प्लेस्टेशन’वरच सूर जुळविले. गराजमधला गोडवा त्यांनीं काढून टाकला. मिनिटाला सुमारें १४० ठोक्यांची लय, पोकळ व घोगरा खर्ज, थंड धातूसारखे सूर, आणि मधून मधून मुद्दाम सोडलेली रिकामी जागा, एवढेंच उरलें. त्या रिकाम्या जागेंत ‘एमसी’ म्हणजे शब्द म्हणणारा आपले आठ किंवा सोळा आवर्तनांचे बंद वेगानें म्हणतो. तो गात नाहीं, आणि नुसता बोलतहि नाहीं. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या झगड्यांत शाहिरानें शाहिराला शब्दांत पकडावें, तसा एमसी एमसीशीं सामना होतो. एखादा बंद विशेष साधला कीं ऐकणारे ओरडतात, आणि तबकडी मागें फिरवून तो पुन्हां आरंभापासून घेतला जातो. संगीत नाटकांचे ‘वन्स मोअर’ ज्यांच्या घरांत आठवणींत आहेत, त्या वाचकांस हा रिवाज परका वाटूं नये.

हें सर्व ऐकूं येई तें परवाना नसलेल्या नभोवाणी-केंद्रांवरून. मनोऱ्यांच्या छपरांवर रात्रीं चोरून आकाशतारा उभारीत, अधिकारी येऊन त्या काढीत, आणि त्या पुन्हां उभ्या राहत. १९९४ सालीं असें चोरून सुरू झालेलें ‘रिन्स एफएम’ हें केंद्र २०१० सालीं परवानाधारक झालें. दारिद्र्यानें ज्या उंचीवर माणसांना कोंडलें, त्याच उंचीचा उपयोग करून त्यांचा आवाज दूर गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

या संगीताचा एक प्रवर्तक वायली. त्याच्या २००२ सालच्या एका वादनाचें नांव ‘एस्किमो’. इतरांचीं नांवें ‘इग्लू’, ‘आइस रिंक’. आपल्या शैलीला तो ‘एस्की’ म्हणे. म्हणजे त्याच्या मनांत मळ नव्हता, गारठा होता. २००४ सालीं त्यानें ‘वॉट डू यू कॉल इट?’ हें गीत प्रसिद्ध केलें. याला म्हणायचें तरी काय, हाच त्याचा विषय. आणि हें गराज नव्हे, एवढें तो ठासून सांगतो. जन्मलेल्या मुलाच्या नांवावरून घरांत वाद चालावा, आणि मुलानेंच मध्यें पडून त्यावर बोलावें, असा हा प्रकार आहे. अखेर नांव रुजलें तें ‘ग्राइम’. ज्यांना तें चिकटलें त्यांनीं तें पुसून टाकलें नाहीं, आणि येथें एडगरचा हात दिसतो.

परंतु नांव पत्करल्यानें कला सिद्ध होत नाहीं. ती कृतींत शोधली पाहिजे. यासाठीं आम्ही २००३ सालचा डिझी रास्कलचा ‘बॉय इन द कॉर्नर’ हा गीतसंग्रह घेतों. त्याच्या कर्त्याला त्याच वर्षीं इंग्लंडांतला मर्क्युरी पुरस्कार मिळाला; तेव्हां तो १८ वर्षांचा होता. अनेक शाळांतून काढलेला हा मुलगा अखेरच्या शाळेच्या संगीताच्या वर्गांत, तेथल्या संगणकावर, संगीत जुळवायला शिकला. संग्रहाच्या नांवांतला कोपरा आम्हां शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. आम्हीं तेथें मुलें उभीं केलेलीं आहेत. मूळ नांवांत ‘द’ हें अव्यय मुखपृष्ठावर जसें उच्चारलें जातें तसेंच लिहिलें आहे, शाळेंत शिकवितात तसें नव्हे. शिक्षेचा कोपरा आणि अशुद्ध अव्यय, दोन्ही त्यानें शीर्षकांतच मिरविलीं आहेत.

पहिल्या गीतांत हा मुलगा नुसता बसला आहे आणि पाहतो आहे. त्यांत बढाई नाहीं. कालपरवांपर्यंत बाळपण होतें, तें कधीं गेलें, याची एक थकलेली रुखरुख त्यांत आहे. वेषांतर केलेला एडगर राजाला आणि आपल्या बापाला ज्या असहाय दृष्टीनें पाहतो, तीच ही दृष्टि. ‘आय लव्ह यू’ या गीतांत एक तरुण एका मुलीविषयीं हलकें बोलतो. येथपर्यंत ड्रोमिओच चालू आहे, असें वाटतें. पण लगेच मुलीचा आवाज येतो, आणि ती त्याच्याच मापानें त्याला परत देते. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मधल्या स्वयंपाकिणीला जें मिळालें नाहीं, तें येथें मिळालें. ‘फिक्स अप, लुक शार्प’ या गीताच्या नांवाचा अर्थ नीटनेटके व्हा, झकपक दिसा, असा आहे. शिस्तीचें हें जुनें वाक्य १९८० सालच्या एका अमेरिकन तबकडींतून उचललेल्या आडदांड ढोलावर बसविल्यामुळें जो विनोद साधतो, तो ऐकूनच कळेल.

दोषहि सांगितले पाहिजेत. संग्रहाच्या उत्तरार्धांत मारामारीच्या धमक्यांची पुनरुक्ति होते, आणि ती कानाला शिणविते. ‘जेझेबेल’ या गीतांत वाट चुकलेल्या मुलीची हकीकत आहे. पण बायबलांतल्या बदनाम राणीचें नांव तिला आधींच देऊन कवीनें हकीकतीपूर्वींच निकाल दिला आहे. ज्या काळ्या शाईनें बूथनें त्याच्या वस्तीला रंगविलें, तीच शाई येथें तो स्वतः आपल्याहून दुबळ्या व्यक्तीला लावतो. जी गीतें पाहतात तीं टिकतील. जीं नुसतीं डाग लावतात तीं टिकणार नाहींत, असें आम्हांस वाटतें.

हें संगीत म्हणजे रस्त्यावरच्या जीवनाचा नुसता आरसा, असें त्याचे चाहते म्हणतात. आणि नेमक्या याच कारणासाठीं त्याचे विरोधक त्यावर गुन्हेगारीचा आरोप करतात. दोघांची चूक एकच आहे. आरशाला लय निवडावी लागत नाहीं, रिकामी जागा सोडावी लागत नाहीं. परंतु अधिकाऱ्यांनीं हा भेद पाहिला नाहीं. लंडनच्या पोलिसांनीं २००५ सालापासून कार्यक्रमांसाठीं ‘फॉर्म ६९६’ नांवाचा एक अर्ज चालविला. त्यांत प्रारंभीं संगीताचा प्रकार कोणता, श्रोते कोणत्या वंशाचे, असलेहि प्रश्न होते. तो अर्ज २०१७ च्या नोव्हेंबरांत रद्द झाला. बूथच्या नकाशाला शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावरहि रंग पाहून शील ठरविण्याची रीत कशी जिवंत होती, याचें हें उदाहरण आहे.

मात्र जो जो मळ तो तो रापच, असें मानण्याचा भाबडेपणा टीकाकारानें करूं नये. वर उल्लेखिलेल्या वायलीला २०१८ सालीं राजसन्मान मिळाला. २०२० सालीं त्यानें ज्यूंविषयीं जाहीरपणें द्वेषाचे उद्गार काढले, आणि २०२४ सालीं तो सन्मान काढून घेण्यांत आला. त्या द्वेषाला पूर्व लंडनच्या धुराचें समर्थन देतां येणार नाहीं. ती काजळी परिस्थितीनें बसविलेली नव्हे. दुसऱ्याच्या तोंडाला फांसण्यासाठीं ती हातांत घेतलेली होती. एडगर घाण फांसतो ती स्वतःच्या तोंडाला; हा भेद नीतीचा आहे, आणि आमच्या मतें तो कलेचाहि आहे.

मग यश आल्यावर काय होतें? स्केप्टा या एमसीच्या २०१४ सालच्या ‘दॅट्स नॉट मी’ या गीताचा विषय उंची कपड्यांचा त्याग हा आहे. त्याचें चित्रीकरण अवघ्या ८० पौंडांत झालें. दोन वर्षांनीं, २०१६ सालीं, त्याच्या संग्रहाला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. स्टॉर्मझीचा २०१७ सालचा संग्रह इंग्लंडच्या विक्रीच्या यादींत पहिला आला, आणि २०१९ सालीं ग्लॅस्टनबरीच्या प्रचंड उत्सवांत मुख्य रात्रीचा मान त्याला मिळाला. राजमान्यतेनें हा राप धुतला जाईल, अशी भीति वाटते. ती अगदींच निराधार नाहीं. पण एक प्रसंग तिला उत्तर देतो. २०१७ च्या जूनमध्यें लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या मनोऱ्याला आग लागून ७२ माणसें मेलीं. जुन्या मनोऱ्याला नुकतेंच नूतनीकरणांत बाहेरून नवें आवरण चढविलें होतें. तें ज्वालाग्राही होतें, आणि आग त्याच्यावरूनच पसरली. बाहेरून स्वच्छ दिसणारी ती इमारत एका रात्रींत कोळसा झाली. पुढच्या वर्षीं ब्रिट पुरस्काराच्या झगमगत्या रंगमंचावर स्टॉर्मझीनें ग्रेनफेलसाठींच्या पैशाचें काय झालें, असा जाब पंतप्रधानांस नांव घेऊन विचारला. सन्मानाच्या क्षणींहि ज्याला आपल्या वस्तीची काजळी आठवते, त्याचा राप धुतला गेला, असें कोण म्हणेल?

लंडनच्या या गीतांचें कौतुक करून थांबणें मराठी वाचकाला सोपें आहे. दूरची काजळी हाताला लागत नाहीं. पण नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ सालीं निघाला, तेव्हां हाच प्रश्न आपल्या दाराशीं आला होता. त्या संग्रहाच्या प्रस्तावनेंत विजय तेंडुलकरांनीं आपणांस न कळलेल्या शब्दांची प्रांजळ कबुली दिली. कवीची भाषा धुवून काढण्याऐवजीं वाचकानें आपलें अज्ञान पुढें ठेवावें, हा धडा तेथें होता. आम्हीं तो वाचला होता, परंतु शिकलों नव्हतों. अनेक वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या वस्तीवर इंग्रजींत निबंध लिहिला होता. क्रियापदें चुकलेलीं, मध्यें मध्यें घरच्या बोलीचे शब्द. आम्हीं तांबड्या शाईनें तो स्वच्छ केला. इतका, कीं त्यांत वस्ती उरली नाहीं. त्यानें निबंध निमूट घेतला, आणि पुन्हां कधीं स्वतःविषयीं एक ओळ लिहिली नाहीं. व्याकरण शिकविणें हें आमचें काम होतें आणि आहे. तथापि मळ कोणता व राप कोणता, हें ओळखणेंहि त्याच कामाचा भाग होता. तें आमच्या हातून झालें नाहीं.

आतां पुन्हां ‘लिअर’ शिकवूं तेव्हां दुसऱ्या अंकांत त्या ओळीशीं थांबावें लागेल. अर्थ आम्ही सांगूंच. पण त्याआधीं मागच्या बांकाला विचारूं, आणि उत्तर आलें तर हंसणार नाहीं.